डोंगर धुतला, नदी उचलली: युबा आणि सॅक्रॅमेंटोच्या पात्रांचा इतिहास

सपाटीवरून वाहणाऱ्या नदीचे पात्र वरवर स्थिर वाटत असले, तरी ते पाणी, जमिनीचा उतार आणि वरून येणारा गाळ या तिघांच्या ताळमेळावर टिकून असते, आणि त्यांपैकी एकात फरक पडला की बाकीच्या दोघांना आपली घडी नव्याने बसवावी लागते. गाळ नदीच्या वहनशक्तीपेक्षा, म्हणजे तो पुढे ढकलण्याच्या तिच्या ताकदीपेक्षा, जास्त झाला की तळ उचलला जातो, पात्र उथळ व रुंद होते आणि एका प्रवाहाला अनेक फाटे फुटतात. उलट गाळ एकाएकी कमी झाला की तीच नदी स्वतःचा तळ खरवडू लागते आणि काठ ढासळू लागतात. जगातल्या बहुतेक मोठ्या खोऱ्यांत माणसाने हे दोन्ही बदल घडवून आणले आहेत. मात्र जंगलतोड, शेती, बांध आणि धरणे यांचे परिणाम तेथे शतकानुशतके एकमेकांत मिसळत गेल्यामुळे कोणत्या कारणाने काय झाले हे वेगळे काढणे अवघड जाते. कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो नदीच्या खोऱ्यात ही अडचण फारशी येत नाही. तेथे १८५३ ते १८८४ या तीसेक वर्षांत सोन्यासाठी डोंगर धुऊन नद्यांत सोडण्यात आले, नंतर ते काम न्यायालयाच्या हुकमाने जवळपास थांबले, आणि पात्रांनी पुढे काय केले याची मोजदाद एका अव्वल दर्जाच्या भूवैज्ञानिकाने करून ठेवली. कारणाला आरंभ आणि शेवट दोन्ही आहेत, असा नदीबदलाचा इतिहास क्वचितच हाती लागतो.

सॅक्रॅमेंटोचे खोरे पूर्वेकडची सिएरा नेवाडा ही बर्फाच्छादित पर्वतरांग आणि पश्चिमेकडची किनारपट्टीची रांग यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण पसरलेले आहे. मुख्य नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन सान वाकीन नदीसह एका दलदलीच्या त्रिभुज प्रदेशात शिरते आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळते. सिएरातून तिला फेदर आणि अमेरिकन या उपनद्या येऊन मिळतात, तर युबा आणि बेअर या नद्या फेदरमध्ये येतात. वसाहतवाले येण्यापूर्वी या नद्यांची पात्रे मोठ्या पुराचा अगदी थोडा भाग वाहून नेत असत. पूर काठाबाहेर पडताना जाड वाळू काठालगतच टाकतो, त्यामुळे नदीच्या दोन्ही अंगांना नैसर्गिक उंचवटे तयार झाले होते आणि त्यांच्यापलीकडे मैलोन्‌मैल सखल खोलगट भाग होते. हिवाळी पावसात पाणी उंचवटे ओलांडून या खोलगटांत उतरत असे, तेथे महिनोन्‌महिने साचून राहत असे, आणि उन्हाळ्यापर्यंत तो सगळा प्रदेश लव्हाळ्यांनी भरलेली दलदल होऊन जाई. निसेनान आणि इतर मूळ रहिवाशांची गावे याच कारणाने काठच्या उंचवट्यांवर वसलेली होती. युबातला साल्मन मासा हे त्यांच्या अन्नाचे एक मोठे साधन होते. नदीचे पात्र अरुंद राहू शकत होते, कारण पुराला पसरायला शेजारी प्रचंड जागा मोकळी होती. ही व्यवस्था पुढच्या साठ वर्षांत दोन्ही बाजूंनी मोडली गेली: वरून गाळ आला आणि शेजारची जागा बांध घालून बंद करण्यात आली.

जानेवारी १८४८ मध्ये अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेवर कोलोमा येथे जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले आणि पुढच्या वर्षी जगभरातून माणसे लोटली. सुरुवातीचे सोने नदीच्या वाळूत होते. ते थाळीत किंवा लाकडी पन्हळीत वाळू धुऊन मिळत असे, आणि त्या कामाने पात्रे उकरली गेली तरी उलथापालथ स्थानिक राहिली. चारपाच वर्षांत ही सोपी वाळू संपत आली. उरलेले सोने होते ते डोंगरांच्या माथ्यांवर, कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहणाऱ्या आणि नंतर भूगर्भीय उलथापालथीत उंचावर अडकून पडलेल्या प्राचीन नद्यांच्या गोटे-वाळूच्या थरांत. हे थर कित्येक ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक जाड होते, पण त्यांतले सोने इतके विरळ होते की कुदळ-फावड्याने ते काढणे परवडणारे नव्हते.

१८५३ मध्ये नेवाडा सिटी या गावाजवळ एडवर्ड मॅटेसन आणि त्याच्या भागीदारांनी कॅनव्हासच्या नळाला धातूची तोटी बसवून डोंगराच्या कड्यावर पाण्याचा झोत मारला, आणि प्रश्न सुटला. पुढच्या वीस वर्षांत या साध्या युक्तीचा एक अवजड उद्योग झाला. उंच सिएरातल्या तळ्यांना आणि नव्या धरणांना जोडणारे हजारो मैलांचे पाट डोंगरउतारांवरून खोदण्यात आले; ते पाणी खाणीच्या वर शंभर-सव्वाशे मीटरांवर आणून लोखंडी नळांतून खाली सोडले जाई, आणि तळाशी ‘मॉनिटर’ नावाच्या, तोफेसारख्या दिसणाऱ्या, वीतभर तोंडाच्या तोटीतून ते बाहेर पडे. त्या झोतात माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद होती. कडा पायथ्याशी पोखरला की वरचा सगळा भार कोसळे, आणि तो राडारोडा पाण्यासह लांबलचक लाकडी पन्हळींत शिरे. पन्हळीच्या तळाशी लाकडाचे ठोकळे किंवा दगड बसवून त्यांच्या फटींत पारा ओतलेला असे. जड सोने खाली बसून पाऱ्याला चिकटे आणि बाकीचे गोटे, वाळू, माती पन्हळीच्या टोकाला असलेल्या दरीत पडे. काही सेंट किमतीचे सोने मिळावे म्हणून एक घनमीटर डोंगर हलवला तरी धंदा नफ्यात चाले, कारण पाण्याला मजुरी द्यावी लागत नव्हती आणि दरीत टाकलेल्या राडारोड्याचा हिशेब कोणी मागत नव्हते.

युबाच्या खोऱ्यातली नॉर्थ ब्लूमफील्ड ही कंपनी या उद्योगाची कमाल मर्यादा दाखवते. तिच्या मालाकॉफ येथील खाणीचा खड्डा दोन किलोमीटरांहून लांब झाला. तळापासून राडारोडा बाहेर काढण्यासाठी कंपनीने डोंगरातून सुमारे अडीच किलोमीटरांचा बोगदा खणला, जो १८७४ मध्ये पूर्ण झाला. रात्रपाळीसाठी विजेचे दिवे लागले, आणि धरणापासून खाणीपर्यंत पाण्याचे निरोप देण्यासाठी १८७८ मध्ये दूरध्वनीची तार टाकण्यात आली, जी जगातल्या लांब पल्ल्याच्या पहिल्या काही तारांपैकी एक होती. काळाच्या इतक्या पुढे असलेल्या या व्यवस्थापनाने विचार केला नव्हता तो बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाचा.

आरंभीची काही वर्षे खालच्या सपाटीवर फारसे काही जाणवले नाही. राडारोडा खाणींखालच्या अरुंद दऱ्यांत साचत होता, आणि डोंगरातील नद्यांचा उतार तीव्र असला तरी एवढे ओझे एकदम पुढे नेण्याइतके पाणी त्यांना वर्षातले थोडेच दिवस मिळत होते. मग १८६१-६२ चा हिवाळा आला. आठवडेच्या आठवडे पडलेल्या पावसाने खोऱ्याचा मोठा भाग समुद्रासारखा झाला. राज्याच्या राजधानीत, सॅक्रॅमेंटो शहरात, नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना जानेवारी १८६२ मध्ये शपथविधीला होडीतून जावे लागले. पूर ओसरल्यावर युबा आणि बेअर यांच्या काठच्या शेतकऱ्यांना शेतात नेहमीच्या मळईऐवजी वाळू आणि फिकट, चिकट रेंदा दिसला. मळई म्हणजे पुराने आणलेली सुपीक माती, आणि तिच्यासाठीच तर या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. नव्या गाळात पीक धरत नव्हते. एका महापुराने दऱ्यांत दहा वर्षे कोंबून ठेवलेला राडारोडा सपाटीच्या दारात आणून सोडला होता, आणि वर खाणी तर आता कुठे जोमात येत होत्या.

युबा डोंगरातून बाहेर पडते तेथे तिचा उतार एकदम मंदावतो, म्हणून पहिला आघात तेथपासून फेदरच्या संगमापर्यंतच्या पट्ट्यावर झाला. पूर्वी उंच काठांमधून, स्वच्छ पाण्याने, खोल व एकसंध वाहणारी ही नदी गोटे आणि वाळूने काठोकाठ भरली, मग काठांवरून सांडली, आणि शेवटी दोन-अडीच किलोमीटर रुंदीच्या पांढुरक्या वाळवंटातून अनेक उथळ फाट्यांनी वाट काढू लागली. फळबागा आधी बुंध्यापर्यंत आणि मग फांद्यांपर्यंत गाडल्या गेल्या. लिंडा नावाची छोटी वसाहत गाळाखाली गडप झाली. जाड गोटे डोंगराच्या पायथ्याशी राहत, वाळू संगमापर्यंत येई, आणि स्थानिक लोक ज्याला ‘स्लिकन्स’ म्हणत तो बारीक रेंदा फेदर व सॅक्रॅमेंटोतून थेट उपसागरापर्यंत पोचे. म्हणजे पाण्याने डोंगराची जणू चाळणी करून प्रत्येक गावाला त्याच्या वाट्याचा आकार दिला होता.

युबा-फेदर संगमावरचे मेरीजव्हिल हे सोन्याच्या गर्दीतच वाढलेले व्यापारी गाव होते. खाणींना लागणारा सगळा माल येथूनच वर जाई, आणि १८५० च्या दशकात पाण्याच्या हंगामात सॅक्रॅमेंटोहून आगबोटी त्याच्या धक्क्याला लागत. पुढच्या वीस वर्षांत बोटींची वाट बुजत गेली, आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस युबाचा तळ गावातल्या रस्त्यांपेक्षा वर गेला होता. गावाने स्वतःभोवती तटबांध घातले. तटबांध म्हणजे पूर अडवण्यासाठी काठाने घातलेला मातीचा लांब भराव. एका बाजूने नदी अडली की पाणी समोरच्या काठावर चढते, म्हणून समोरच्यालाही तो घालावा लागतो. येथे त्यात आणखी एक भर पडली. पूर्वी काठाबाहेर पसरणारी वाळू आता दोन भरावांच्या मध्येच बसू लागली, तळ अधिक वेगाने उचलला जाऊ लागला, आणि दर दोनचार वर्षांनी तटबांध उंच करणे भाग पडले. १९ जानेवारी १८७५ रोजी मेरीजव्हिलचा तट फुटला आणि सगळे गाव पाण्यात व रेंद्यात बुडाले. त्यानंतर गावाने तट आणखी उंच व जाड केले, ते इतके की आजही मेरीजव्हिल पूर्णपणे भरावांच्या आत आहे आणि त्याला बाहेर वाढायला वाव उरलेला नाही. खाणवाल्यांना माल विकून श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांना त्याच कमाईतून खाणींच्या राडारोड्याविरुद्ध भिंती उभाराव्या लागल्या, हा त्यातला कटू भाग. आणि म्हणूनच गावातले कित्येक जण बरीच वर्षे उघडपणे तक्रार करायला धजत नव्हते.

मुख्य खोऱ्यात याच वेळी दुसरी घडामोड चालू होती. दलदलीच्या जमिनी राज्याने स्वस्तात विकल्या होत्या, आणि १८६८ नंतर खरेदीवरच्या मर्यादा सैल झाल्यावर भांडवलदारांनी हजारो एकर घेऊन त्या तटबांधांनी वेढायला सुरुवात केली. ज्या खोलगटांत पूर विसावत असे त्यांची गव्हाची शेते झाली. प्रत्येक जमीनदार आपापल्या हद्दीपुरता बांध घालत असे, पूर शेजाऱ्याकडे ढकलत असे, आणि शेजारी आणखी उंच बांध घालत असे. कधी कधी रात्री समोरचा बांध फोडलाही जाई. पात्राचा तळ वर येत असताना त्याच पात्रावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी वाहून नेण्याचे काम लादले जात होते. पुढच्या काळातल्या पुरांचे खापर केवळ खाणींवर फोडण्याची शेतकऱ्यांची सवय म्हणूनच पूर्णपणे न्याय्य नव्हती.

संघर्ष न्यायालयात गेला तो बेअर नदीकाठच्या शेतकऱ्यांकडून. जेम्स कीज याने १८७६ मध्ये त्या नदीवरच्या अनेक खाणींविरुद्ध एकत्र दावा लावला. खालच्या न्यायालयात त्याला यश मिळाले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला, कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांवर एकच दावा चालवता येत नाही असे ठरले. या तांत्रिक मुद्द्यात खरी मेख होती. शंभर खाणींचा गाळ एका नदीत मिसळल्यावर अमक्याच्या शेतातली वाळू कोणत्या खाणीची, हे कोण आणि कसे सांगणार? १८७८ मध्ये शेतकऱ्यांनी राडारोडाविरोधी संघटना स्थापली. खाणवाल्यांची संघटना त्याआधीच उभी होती. त्याच वर्षी राज्याने विल्यम हॅमंड हॉल यांना राज्य अभियंता नेमले. त्यांच्या पाहण्यांमुळे नद्यांच्या तळांची पहिली पद्धतशीर मापे तयार झाली, आणि १८८० च्या एका कायद्यानुसार युबा व बेअर यांच्यावर झाडझुडपांच्या मोळ्या रचून गाळ अडवणारे बंधारे घालण्यात आले. ते पहिल्याच मोठ्या पाण्याने मोडले, आणि सगळ्या राज्यावर कर बसवून काही जिल्ह्यांची घाण काढणारा हा कायदाही पुढच्याच वर्षी घटनाबाह्य ठरला.

सप्टेंबर १८८२ मध्ये एडवर्ड्स वुडरफ या मेरीजव्हिलमध्ये इमारत आणि फेदरच्या काठी शेतजमीन असलेल्या मालकाने नॉर्थ ब्लूमफील्ड आणि युबावरच्या इतर कंपन्यांविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. खटला चालू असतानाच, जून १८८३ मध्ये, खाणींना पाणी पुरवणारे इंग्लिश धरण फुटले आणि त्या लोंढ्याने युबाकाठी मोठे नुकसान केले. न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी तरुणपणी स्वतः सोने शोधले होते आणि नेवाडा सिटीत वकिली केली होती, त्यामुळे खाणवाल्यांना त्यांच्याविषयी आशा असणे स्वाभाविक होते. प्रतिवाद्यांचे म्हणणे असे की सार्वजनिक जमिनीवर खाणी काढायला सरकारनेच उत्तेजन दिले आहे, दरीत राडारोडा सोडण्याची प्रथा राज्याइतकीच जुनी आहे, आणि कोणा एका कंपनीने किती हानी केली हे सिद्ध झालेले नाही. ७ जानेवारी १८८४ रोजी दिलेल्या दोनशेहून अधिक पानांच्या निकालात सॉयर यांनी नद्यांच्या बदललेल्या पात्रांचे तपशीलवार वर्णन केले आणि हे तिन्ही मुद्दे फेटाळले. त्यांच्या मते एकत्रित हानी सार्वजनिक उपद्रवच होती, त्यात भर घालणारा प्रत्येक जण तिला जबाबदार होता, आणि सरकारी उत्तेजनाचा अर्थ दुसऱ्याची मालमत्ता गाडण्याचा किंवा नौकानयनाची नदी बुजवण्याचा परवाना असा होत नव्हता. कंपन्यांना नदीत राडारोडा सोडण्यास कायमची मनाई झाली. खाण चालवण्यावर बंदी नव्हती, पण राडारोडा टाकायला दुसरी जागाच नसल्याने परिणाम तोच झाला. मेरीजव्हिलमध्ये जल्लोष झाला आणि डोंगरातली खाणींची गावे ओस पडू लागली. काही ठिकाणी चोरून मॉनिटर चालू राहिले, आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी शेतकऱ्यांच्या संघटनेला माणसे पाठवावी लागली.

पर्यावरणाच्या इतिहासात हा निकाल नेहमी विजय म्हणून सांगितला जातो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो होताच. नदीच्या दृष्टीने मात्र १८८४ या सालाला त्या वेळी फारसा अर्थ नव्हता. खाणी थांबल्या तेव्हा राडारोड्याचा मोठा भाग अजून दऱ्यांत आणि पायथ्याच्या मैदानात पडून होता, आणि प्रत्येक हिवाळ्यात तो थोडाथोडा खाली सरकत होता. युबाचा तळ मेरीजव्हिलपाशी पुढची वीस वर्षे वर येतच राहिला. १८९३ च्या कॅमिनेटी कायद्याने, जो राडारोडा अडवण्याची सोय करणाऱ्या खाणींना परवाने देण्यासाठी होता, लष्करी अभियंत्यांचे ‘कॅलिफोर्निया डेब्री कमिशन’ स्थापन झाले. त्याने युबावर घातलेला पहिला मोठा बंधारा मार्च १९०७ च्या पुरात वाहून गेला. त्याच सुमारास बांधलेला दागेर पॉइंट येथील सुमारे सात मीटर उंचीचा बंधारा मात्र टिकला आणि आजही उभा आहे. त्याच्या परिसरातल्या गोट्यांच्या पट्ट्यात १९०४ पासून तरंगत्या यंत्रांनी पुन्हा सोने शोधण्यात आले. यंत्रे तळ उपसून मागे गोट्यांचे ढीग रचत गेली, आणि नदीला त्या ढिगांच्या भिंतींमधून एका ठरावीक मार्गाने नेण्यात आले. युबाच्या या भागातली आजची वाट निसर्गापेक्षा या यंत्रांनी जास्त ठरवली आहे.

१९०४ मध्ये खाणवाल्यांच्याच संघटनेने केंद्र सरकारकडे या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करण्याची मागणी केली. खाणी पुन्हा सुरू होतील अशी तिची आशा होती. काम अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांच्याकडे आले, आणि त्यांनी प्रश्नाचा आवाका दोन्ही पक्षांना अपेक्षित नव्हता इतका वाढवला. वाहते पाणी किती आकाराचे कण किती प्रमाणात नेते हे मोजण्यासाठी त्यांनी बर्कली येथे लाकडी पन्हळी बांधून शेकडो प्रयोग केले. ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाळवहनाच्या शास्त्राचा पाया ठरले. सोने धुण्याचे उपकरण येथे नदी समजून घेण्याचे उपकरण झाले होते. दरम्यान त्यांनी खाणींचे खड्डे, दऱ्यांतले साठे, पात्रांचे छेद आणि उपसागरातल्या खोलीच्या जुन्या नोंदी असा सगळा मार्ग पायाखाली घातला आणि १९१७ मध्ये अहवाल छापला. त्यांच्या हिशेबानुसार झोताच्या खाणींनी शंभर कोटी घनमीटरांहून अधिक राडारोडा नद्यांत टाकला होता, म्हणजे पनामा कालवा करताना जेवढी माती हलवावी लागली तिच्या जवळजवळ आठपट. त्यांपैकी सुमारे ५२ कोटी घनमीटर एकट्या युबाच्या खोऱ्यात होता. वाळूच्या बाजारातल्या मापाने सांगायचे तर अठरा कोटी ब्रासांहून अधिक.

गिल्बर्ट यांची खरी देणगी आकड्यांपलीकडची होती. मेरीजव्हिल आणि सॅक्रॅमेंटो येथील उन्हाळी, म्हणजे सर्वांत कमी, पाणीपातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडून त्यांनी दाखवले की गाळ नदीतून एका प्रचंड, मंद लाटेसारखा उतरतो: एखाद्या ठिकाणी तळ आधी चढत जातो, शिखर गाठतो, आणि वरून येणारा पुरवठा आटल्यावर पुन्हा उतरतो. युबाच्या तोंडाशी हे शिखर १९०५ च्या सुमारास आले. सॅक्रॅमेंटो शहरापाशी तळ सुमारे तीन मीटर चढला होता आणि तोही पुढे उतरू लागला. १९३० च्या सुमारास तेथली उन्हाळी पातळी जवळपास पूर्ववत झाली. बारीक रेंद्याने उपसागराचे उथळ भाग भरल्यामुळे भरती-ओहोटीला आत-बाहेर जाणारे पाणी कमी होते आणि त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को बंदराच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा बदलू शकतो, हेही त्यांनी मांडले. डोंगरातली खाण आणि दोनशे-अडीचशे किलोमीटरांवरचे बंदर एकाच हिशेबात आणणारा असा अभ्यास त्याआधी झालेला नव्हता. पुढे ॲलन जेम्स यांच्यासारख्या भूगोलतज्ज्ञांनी बेअर नदीवर दाखवले की लाटेची शेपटी गिल्बर्ट यांच्या अंदाजापेक्षा फार लांब आहे: तळ खाली गेला तरी काठांवर आणि भरावांमध्ये अडकलेला गाळ दर पुरात सुटत राहतो.

लाट उतरणीला लागत असतानाच खोऱ्याची पूरयोजना ठरत होती, आणि या योगायोगाचे परिणाम आजपर्यंत टिकले आहेत. अभियंत्यांसमोर दोन मते होती. एका मतानुसार तटबांध नदीला अगदी लगटून घालावेत, म्हणजे कोंडलेले पाणी वेगाने वाहून साचलेला गाळ स्वतःच धुऊन नेईल. दुसऱ्या मतानुसार एवढा पूर कोणत्याही पात्रात मावणार नाही, म्हणून जुन्या खोलगटांतूनच त्याला वाट द्यावी. कोलूसा गावचे विल ग्रीन हे १८६० च्या दशकापासून असेच सांगत होते. १९०४ च्या डॅब्नी समितीने पहिल्या मताला झुकते माप दिले आणि महापूर अडीच लाख क्युसेकचा धरला. १९०७ आणि १९०९ च्या पुरांत सुमारे सहा लाख क्युसेक पाणी आले. त्यानंतर डेब्री कमिशनचे कॅप्टन थॉमस जॅक्सन यांनी १९१० मध्ये दोन्ही मते जुळवणारा आराखडा दिला: सांडवे आणि योलो व सटर हे रुंद पूरमार्ग यांनी जास्तीचे पाणी बाहेर काढायचे, पण मुख्य पात्राचे तटबांध गाळ खरवडता येईल इतके जवळ ठेवायचे. राज्याने तो १९११ मध्ये आणि केंद्राने १९१७ मध्ये, म्हणजे गिल्बर्ट यांचा अहवाल निघाला त्याच वर्षी, स्वीकारला. सुमारे २४,००० हेक्टरांचा योलो पूरमार्ग आज मोठ्या पुराचा बहुतांश भाग वाहून नेतो आणि एरवी त्यात भातशेती होते, म्हणजे जुन्या दलदलीचा काही भाग तरी नदीला अभियंत्यांच्या परवानगीने परत मिळाला.

आराखड्याचा दुसरा अर्धा भाग अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला आणि त्यातूनच अडचण उभी राहिली. लगटून घातलेल्या तटबांधांमुळे नदीने गाळ खरोखरच धुऊन नेला. त्यातच वरच्या बाजूला नवी धरणे आली, ज्यांत १९४१ मध्ये केवळ राडारोडा अडवण्यासाठी युबावर बांधलेले इंगलब्राइट धरण होते, आणि खाली येणारे पाणी गाळाविना भुकेले झाले. ज्या ओझ्याचा निचरा व्हावा म्हणून पात्र अरुंद केले होते ते ओझे संपल्यावर तोच प्रवाह तटबांधांचे पायथे पोखरू लागला. शिवाय हे बांध रचले होते ते हाताशी जे होते त्याने, म्हणजे बऱ्याच ठिकाणी खाणींच्याच वाळूने. डिसेंबर १९५५ मध्ये मेरीजव्हिलसमोरच्या युबा सिटीजवळ फेदरचा तट फुटून तीन डझनांहून अधिक माणसे मेली. २० फेब्रुवारी १९८६ रोजी युबाचा दक्षिण तट फुटला. पाणी त्या वेळी तटाच्या नियोजित पातळीच्या खाली होते, तरी सच्छिद्र भरावातून झिरपून त्याने तो आतून खचवला आणि हजारो घरांत शिरले. बुडालेल्या वस्तीचे नाव लिंडा. गाळात गडप झालेल्या जुन्या वसाहतीवरूनच ते ठेवलेले होते.

पूरग्रस्तांचा राज्याविरुद्धचा दावा जवळपास दोन दशके चालला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरवले की विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिकांनी खाणींच्या राडारोड्याने घातलेला हा बांध राज्याने आपल्या पूरव्यवस्थेत सामील करून घेतला आणि तो धड आहे की नाही हे पाहिले नाही, म्हणून नुकसानीची जबाबदारी राज्याची. तडजोडीची रक्कम ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाली. सॉयर यांच्या निकालात खाणमालक दोषी होते. सव्वाशे वर्षांनी त्याच वाळूचा दंड करदात्यांनी भरला. त्यानंतर बेअर आणि फेदर यांच्या काही भागांत जुने तटबांध सोडून देऊन नवे बरेच मागे बांधण्यात आले. फेदरवरचा असा सुमारे नऊ किलोमीटरांचा नवा बांध २०१० च्या सुमारास पूर्ण झाला आणि शेकडो एकर जमीन नदीच्या बाजूला गेली.

पाऱ्याचा हिशेब यापेक्षा अवघड आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार वाळू-खडीच्या खाणींतून सुमारे ४,५०० टन पारा कॅलिफोर्नियाच्या निसर्गात सुटला. तो बारीक गाळाला चिकटून पूरमार्गांत, दलदलीत आणि उपसागरात पोचला आहे, आणि तेथे जिवाणूंच्या क्रियेने माशांच्या शरीरात शिरू शकणाऱ्या रूपात बदलतो. इंगलब्राइटच्या जलाशयाची चौथाई क्षमता गाळाने भरली आहे. साल्मनला वरच्या युबात जाता यावे म्हणून हे धरण आणि दागेर पॉइंटचा बंधारा काढावा किंवा त्यांना वळसा घालणारी वाट करावी, अशी मागणी अनेक वर्षे होत आहे. पण धरण काढले तर त्यामागे थोपवून धरलेला, पारामिश्रित राडारोडा पुन्हा मेरीजव्हिलच्या दिशेने निघेल, आणि म्हणून सोने काढण्यासाठी नव्हे, वीज व पाण्यासाठीही दुय्यमच, असे हे धरण मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला डोंगर जागेवर धरून ठेवण्यासाठी सांभाळावे लागते.